पायथॉन: एफटीपी यूआरएल जोडताना आणि परत तोडताना पासवर्ड व पाथ बिघडतात

प्रश्न

होस्ट, पोर्ट, यूजरनेम, पासवर्ड आणि फाइलचा पाथ कॉन्फिगमध्ये वेगवेगळे आहेत. त्यांची एक एफटीपी (सर्व्हरवरून फाइली आणण्याची पद्धत) यूआरएल करून साठवायची आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने ती पायथॉनच्या यूआरएलस्प्लिट फंक्शनने तोडून एफटीपीलिब या पायथॉनच्या एफटीपी लायब्ररीला द्यायची, अशी रचना आहे. सध्या सगळं एफ-स्ट्रिंगने, म्हणजे मजकुरात किमती जशाच्या तशा घालून, जोडलं जातं. तीन अडचणी येतात:

पासवर्ड "४५/ख#७" असा असला की होस्टनेमच्या जागी यूजरनेम येतं आणि पोर्ट ४५ दिसतो.

"/व्हार/डेटा/अहवाल.सीएसव्ही" ही फाइल सर्व्हरवर आहे, तरी ५५० (फाइल मिळत नाही) एरर येतो.

यूआरएलसाठी चिन्हं बदलणारं क्वोट_प्लस फंक्शन लावलं तर नावात स्पेस असलेल्या फाइली सापडत नाहीत.

यूआरएल जोडण्याची आणि तोडण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर १

पहिली आणि तिसरी अडचण एकाच ठिकाणी सुटते: जोडण्याआधी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे एन्कोड करा (खास चिन्हांचे % वाले कोड करा), अख्खी यूआरएल एकदम नाही.

यूआरएलस्प्लिट दोन स्लॅशनंतर पुढचा "/", "?" किंवा "#" येईपर्यंतचा भाग नेटलॉक (यूजर, पासवर्ड, होस्ट आणि पोर्टचा भाग) म्हणून उचलतो. तुमच्या पासवर्डमध्ये स्लॅश आहे, म्हणून नेटलॉक "यूजर:४५" इथेच संपला. त्यात "@" नाही, मग "यूजर" हा होस्ट आणि ४५ हा पोर्ट ठरला. यात सगळ्यात वाईट भाग असा की एरर येत नाही. स्लॅशआधी अक्षरं असती तर पोर्ट वाचताना व्हॅल्यूएरर तरी आला असता. आकडे असल्यामुळे प्रोग्रॅम मुकाट्याने भलत्याच होस्टकडे जातो.

यूजरनेम आणि पासवर्ड दोन्हींना क्वोट(मजकूर, सेफ='') लावा. सेफ (न बदलायची चिन्हं) रिकामा देणं विसरू नका, कारण क्वोट मुळात "/" सोडून देतो. मग स्लॅशचा %२एफ, "#" चा %२३, "@" चा %४० आणि ":" चा %३ए होईल. पासवर्डमधला उघडा "@" पायथॉनमध्ये निभावतो, कारण तो शेवटच्या "@" वर तोडतो. पण प्रत्येक लायब्ररी तसं करेलच असं नाही, म्हणून तोही एन्कोड कराच.

क्वोट_प्लस इथे चालत नाही. स्पेसचा "+" करणं ही वेब फॉर्मची पद्धत आहे. एफटीपीमध्ये "+" म्हणजे "+" च, त्यामुळे सर्व्हर त्या नावाची फाइल शोधतो. साध्या क्वोटने स्पेसचा %२० होतो, तोच हवा.

तोडताना एक गोष्ट हमखास राहून जाते: निकालातले यूजरनेम आणि पासवर्ड डीकोड झालेले नसतात. दोन्हींना अनक्वोट (क्वोटच्या उलट, डीकोड करणारं फंक्शन) लावूनच लॉगिनला द्या. पोर्ट लिहिलेला नसेल तर नन (पायथॉनची "काही नाही" ही किंमत) मिळतो, तेव्हा २१ धरा. होस्ट आयपीव्ही६ असेल तर होस्टनेम चौकटी कंसाशिवाय येतं. पुन्हा जोडताना कंस तुम्हीच घालायचे.

उत्तर २

५५० चं कारण एन्कोडिंग नाही, पाथचा अर्थ आहे. डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाप्रमाणे होस्टनंतरचा पहिला स्लॅश हा फक्त विभाजक आहे, तो पाथचा भाग नाही. त्यानंतरचा प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक सीडब्ल्यूडी (फोल्डर बदला) कमांड आणि शेवटचा तुकडा आरईटीआर (फाइल आणा) कमांडला. म्हणजे तुमच्या यूआरएलवरून "सीडब्ल्यूडी व्हार" जातं आणि सर्व्हर तो फोल्डर लॉगिन झालेल्या डिरेक्टरीत शोधतो.

मुळापासूनचा पाथ हवा असेल तर पहिल्या तुकड्यातच एन्कोड केलेला स्लॅश द्यायचा:

एफटीपी://यूजर@होस्ट/%२एफव्हार/डेटा/अहवाल.सीएसव्ही

आता "सीडब्ल्यूडी /व्हार", मग "सीडब्ल्यूडी डेटा", मग आरईटीआर असा क्रम होतो. दुहेरी स्लॅशवर विसंबू नका. आरएफसीनुसार तो रिकामा सीडब्ल्यूडी होतो, कर्ल हा डाउनलोड करणारा प्रोग्रॅम त्याला मूळ डिरेक्टरी मानतो आणि एफटीपीलिब रिकाम्या नावाऐवजी "." पाठवतं, म्हणजे तुम्ही होतात तिथेच राहता.

तोडताना क्रम सांभाळा. पाथचं फक्त पहिलं अक्षर काढा, मग "/" वर स्प्लिट करा आणि शेवटी प्रत्येक तुकडा अनक्वोट करा. आधी अनक्वोट केलंत तर %२एफ आणि साधा स्लॅश यांतला फरक कायमचा गेला.

बेस यूआरएलला दुसरा पाथ जोडणारं यूआरएलजॉइनही इथे जपून वापरा. बेस यूआरएल %२एफव्हारची असताना "/लॉग/अ" जोडलं तर %२एफ उडतो आणि मुळापासूनचा पाथ लॉगिन डिरेक्टरीपासूनचा होऊन बसतो. तुकड्यांची लिस्ट ठेवून स्वतः जोडणं जास्त भरवशाचं.

प्रश्नकर्ता

%२एफने फाइल मिळाली. काही जुन्या यूआरएलच्या शेवटी ";टाइप=आय" आहे. यूआरएल तोडणारं दुसरं फंक्शन यूआरएलपार्स तो भाग वेगळा देतो, यूआरएलस्प्लिट पाथमध्येच ठेवतो. कोणतं वापरू?

उत्तर १

यूआरएलस्प्लिट. यूआरएलपार्स शेवटच्या तुकड्यातल्या ";" पासून पुढचं काहीही पॅराम्स या वेगळ्या भागात ढकलतो. एन्कोड न केलेल्या "अहवाल;२.सीएसव्ही" या नावातून "२.सीएसव्ही" असाच कापला जाईल. त्यापेक्षा पाथच्या शेवटी नेमकं ";टाइप=" आणि त्यापुढे एकच अक्षर आहे का ते तपासा. आय म्हणजे बायनरी, त्यासाठी एफटीपीलिबचं रेट्रबायनरी. ए म्हणजे मजकूर, त्यासाठी रेट्रलाइन्स. डी म्हणजे फाइल नव्हे, नावांची यादी, तिथे एनएलएसटी (नावांची यादी मागणारी) कमांड. हे अनक्वोट करण्याआधी करा, म्हणजे नावातला %३बी गोंधळ घालणार नाही.

उत्तर ३

यूआरएल बाहेरून येणार असेल तर अनक्वोट केलेल्या प्रत्येक तुकड्यात सीआर किंवा एलएफ (ओळ संपवणारी अदृश्य चिन्हं, एन्कोड केल्यावर %०डी आणि %०ए) आहे का ते बघा आणि असेल तर ती यूआरएल सरळ नाकारा. एफटीपीच्या कंट्रोल कनेक्शनवर ओळ संपली की कमांड संपते, त्यामुळे %०डी%०ए नंतरचा मजकूर दुसरी कमांड ठरू शकतो. यूआरएलस्प्लिट उघड्या न्यूलाइन काढतो, एन्कोड केलेल्या नाही. आताचं एफटीपीलिब अशा ओळीवर व्हॅल्यूएरर देतं, पण ते शेवटचं कुंपण समजा.

देवनागरी नावं असतील तर दोन्हीकडचं एन्कोडिंग जुळलं पाहिजे. यूटीएफ-८ मध्ये "क" चे तीन बाइट होतात, म्हणून यूआरएलमध्ये तो %ई०%ए४%९५ असा नऊ अक्षरांचा दिसतो. डेटाबेसच्या कॉलमची लांबी ठरवताना हे धरा. एफटीपीलिबचं डीफॉल्ट पायथॉन ३.९ पासून यूटीएफ-८ आहे, त्याआधी लॅटिन-१ होतं. सर्व्हर जुना असेल तर क्वोट, अनक्वोट आणि एफटीपी ऑब्जेक्ट या तिन्हींना एकच एन्कोडिंग द्या. अनक्वोट न जुळणाऱ्या बाइटच्या जागी बदली चिन्ह टाकून पुढे जातो, म्हणून एरर्स='स्ट्रिक्ट' द्या, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळेल.

आणि पासवर्डसकट यूआरएल साठवूच नका. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ ने यूजर:पासवर्ड ही पद्धत वापरू नये असंच म्हटलं आहे, कारण यूआरएल लॉगमध्ये आणि एररच्या मजकुरात जशीच्या तशी छापली जाते. डेटाबेसमध्ये पासवर्डशिवाय, नुसत्या यूजर@होस्टची यूआरएल ठेवा आणि पासवर्ड जोडणी करताना कॉन्फिगमधून घ्या. मग तुमची पहिली अडचण उरतच नाही.