विषय: वाघबीळची जागा – कुंपणाला करवंदं लावावीत की प्लम-जांभळाची झाडं?

प्रेषक: तात्या, वूस्टरशर

सर्वांना सप्रेम नमस्कार,

यादीवर कोल्हापूरकडचे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतो. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, वाघबीळच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित दहा गुंठे जागा आहे. जवळजवळ चौकोनी. पूर्वेला गाडीवाट, उत्तरेला ओढा, बाकी दोन बाजूंना शेजाऱ्यांचा ऊस. निवृत्तीनंतर आम्ही दोघं वर्षातला निम्मा काळ तिथे राहणार आहोत. घर छोटंच बांधायचंय, पण त्याआधी कुंपण.

सिमेंटची भिंत घालायला मन घेत नाही. इथे इंग्लंडात शेतांच्या कडेनं ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्न या काटेरी झुडपांची दाट हिरवी कुंपणं असतात, मधूनच एखादं डॅमसन, म्हणजे लहान आंबट प्लमचं झाड. गुरं अडतात, पाखरं राहतात, शरदात फळंही मिळतात. आमच्या परसात व्हिक्टोरिया प्लम आहे. ऑगस्ट संपताना फांद्या इतक्या लवतात की खालून टेकू द्यावा लागतो. तसं काही आपल्या मातीत उभं करावं अशी फार इच्छा आहे.

प्लम तिथे येईल का? नसेल येत तर चारी बाजूंनी जांभळं लावू का? हिचं मत करवंदांकडे आहे. गावाकडचा चुलतभाऊ म्हणतो, “तात्या, सरळ तार मारा आणि झटका मशीन बसवा.” म्हणजे तारेत विजेचा सौम्य झटका सोडणारं यंत्र. आपला अनुभव काय?

– तात्या


प्रेषक: आबा, लेस्टर

तात्या, नमस्कार.

नोकरीची बरीच वर्षं कृषी खात्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी प्लमचं. ते डोक्यातून काढा. प्लमला हिवाळ्यात थंडीची झोप लागते. व्हिक्टोरियासारख्या युरोपीय जातींना सात अंशांच्या खालचे साधारण ७०० ते १००० तास मिळावे लागतात, तेव्हा कुठे वसंतात डोळे एकसारखे फुटतात आणि फूल येतं. कोल्हापूरला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा क्वचितच दहाच्या खाली जातो. झाड मरणार नाही कदाचित, पण पानं वेळेवर झडणार नाहीत, डोळे अर्धवट फुटतील आणि फळाची वाट बघत बसाल. आपल्या देशात सांता रोझा जातीचा प्लम होतो तो कुलू खोऱ्यात. पंजाबच्या सपाटीवर सतलज पर्पल नावाची कमी थंडीवर भागणारी जात आहे, तिला परागासाठी शेजारी काला अमृतसरी लावावी लागते. पण पंजाबचा जानेवारी कोल्हापुराला कुठून आणणार? आणि इथून रोप बॅगेत घालून नेण्याचा विचारही नको. रोपं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, २००३ च्या आदेशानुसार. तो नियम योग्यच आहे. एक बुरशी नाहीतर विषाणू गेला तर निस्तरणं आपल्या हातात राहत नाही.

आता जांभूळ. झाड आपलं, हवा मानवणारी, फळ सोन्यासारखं. पण ते कुंपणाचं झाड नव्हे. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, चौकोनी धरलं तर एक बाजू १०४ फुटांच्या आसपास. कलमी जांभळाला २५ फूट अंतर ठेवलंत तरी चारी बाजूंना पंधरा-सोळा झाडं बसतात. ती वाढल्यावर प्रत्येकाचा घेर पंधरा-वीस फूट आत येणार. घराला आणि भाजीपाल्याला ऊन उरणार नाही. शिवाय खोडाखोडांमधून शेळी काय, बैलगाडीसुद्धा आत येईल!

त्याहून मोठी गोष्ट शेजाऱ्यांची. बांधावर मोठं झाड आलं की उसाला वसवा पडतो, म्हणजे झाडाच्या सावलीनं चार-पाच सऱ्या खुरटतात. गावाकडची निम्मी भांडणं बांधावरून होतात. तुम्ही वर्षातले सहा महिने तिथे नसणार, तुमच्या माघारी कुणी फांद्या तोडल्या तर बोलणार कुणाला? नव्यानं राहायला जाताना शेजाऱ्याशी वाकडं घेऊ नका.

म्हणून वहिनींचं बरोबर आहे. कुंपणाला करवंद. सदाहरित, मुरमाड जमिनीत तगणारं, एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात पाण्याशिवाय राहणारं. त्याचा काटा टोकाशी दुभंगलेला असतो, जनावर एकदा तोंड घालतं, पुन्हा घालत नाही. फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका. दीड फूट उंच वरंबा ओढून त्यावर लावा. नागमोडी दोन ओळी, ओळींत दोन फूट आणि रोपांत तीन फूट. फाटक सोडून सुमारे ४०५ फूट धरले तर एका ओळीला १३५, दोन ओळींना २७० रोपं.

छाटणीचं मात्र नीट लक्षात घ्या. करवंदाला फूल फुटव्याच्या शेंड्याला येतं, साधारण जानेवारी ते मार्च. इथल्यासारखं वर्षभर कात्रीनं सपाट करत राहिलात तर भिंत देखणी होईल, फळ मिळणार नाही. फळं उतरली की पावसाच्या सुरुवातीला एकदाच छाटा. बाहेरची बाजू आवळून धरा, आतली सैल सोडा. इथे प्लम आपण हिवाळ्यात छाटत नाही, सिल्व्हर लीफ या बुरशीरोगाच्या भीतीनं उन्हाळ्यातच उरकतो. तशीच शिस्त करवंदालाही, कारण वेगळं आहे इतकंच.

चुलतभावाचंही ऐका. पहिली तीन वर्षं रोपं गुडघ्याएवढी असतात, शेळ्या सहज तुडवून जातील. तोवर बाहेरून तार हवीच. आणि गव्याला करवंद अडवत नाही. २०२१ च्या डिसेंबरात गवे पार कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तुमची जागा तर डोंगराच्या पायथ्याला.

– आबा


प्रेषक: आक्का, कॉव्हेंट्री

तात्या,

आबांनी सगळं सांगितलंच आहे. माझं माहेर गारगोटीकडचं, घरामागं करवंदीची जुनी जाळी होती, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, आग. उसाचा तोडा झाला की शेजारी पाचट पेटवतात. वारं फिरलं की जाळ सरळ कुंपणावर येतो. आमची एक बाजू अशीच होरपळली होती. बुडातून पुन्हा फुटली, पण फळाचे दोन हंगाम गेले. दक्षिणेला आणि पश्चिमेला तुमच्याच हद्दीत चार-पाच फुटांचा पट्टा मोकळा ठेवून कुंपण आत घ्या आणि तोडणीच्या आधी तो खुरपून साफ करा. थोडी जागा जाईल, जाऊ दे. शेजारी पाचट कुजवणारा भेटला तर देवच पावला, पण त्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, कुंपणाचं फळ खायला कुणाला वेळ आहे असं समजू नका. चैत्रात हिरवी करवंदं लोणच्याला काढायची. हाताला तेल लावून बसायचं, नाहीतर चिकानं बोटं एकमेकांना चिकटतात. प्रत्येक करवंद मधोमध चिरून बी काढायचं, मीठ लावून ठेवायचं, मग मोहरी फेसून घालायची. मे महिन्यात पिकलेली खायला. काळं झालेलं करवंद देठाशी तोडलं की पांढरा थेंब येतो, तो पुसून मगच तोंडात टाकायचं. आमच्याकडे मिठाच्या पाण्यातून काढून सुपात पसरून ठेवत. जाळीत बुलबुल घरटी करतात, वरच्या शेंड्यांची फळं त्यांची असं धरूनच चालायचं.

कोल्हापूरला कपिलतीर्थाच्या मंडईत पानावर वाटा मांडून बसलेल्या बायकांकडून करवंदं घेताना मला नेहमी वाटतं, हे झुडूप डोंगरावरचंच राहू नये, घराघराच्या कडेला यावं. तुम्ही लावताय याचा म्हणूनच मनापासून आनंद झाला.

– आक्का


प्रेषक: तात्या, वूस्टरशर

आबा, आक्का, फार आभार. हिला दोन्ही मेल वाचून दाखवले. करवंद नक्की. पूर्वेला आणि ओढ्याकडे हद्दीला लागून, उसाच्या बाजूंना पट्टा सोडून. पहिली तीन वर्षं बाहेरून तार, त्यावर चुलतभावाचं झटका मशीन. म्हणजे त्याचाही मान राहिला.

पण जांभूळ अजिबातच नको का? एखादं तरी हवं असं फार वाटतं. नातवंडं मेमध्ये येतील तेव्हा जिभा जांभळ्या करून हिंडली पाहिजेत. कुठे लावू? आणि करवंदाची रोपं विकत घ्यावीत की बी टाकावं?

– तात्या


प्रेषक: आबा, लेस्टर

एक जरूर लावा, जागाही ठरलेलीच आहे: ओढ्याच्या बाजूला, कुंपणाच्या आत पंधरा फूट. जांभळाला ओल आवडते आणि सावली उत्तरेला ओढ्यावर पडेल, कुणाच्या पिकावर नाही. घरापासून निदान तीस फूट लांब धरा. फांदी ठिसूळ असते, पावसाळी वाऱ्यात मोडते. नातवंडांना झाडावर चढू देऊ नका, खाली जुनं लुगडं धरून फांदी हलवा. आणि त्या बाजूला फरशी, गाडी, पाण्याची टाकी काही नको, डाग निघत नाहीत.

बी रुजवलेल्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात, कलमाला त्याहून बरीच कमी. तुमचं-माझं वय बघता कलमच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ मागा, फळ मोठं आणि गराचं. करवंदातही त्यांची ‘कोकण बोल्ड’ आहे. तिची पाच-सहा रोपं फाटकाजवळ लावा, बाकी कुंपण गावठी बियांचं चालेल.

– आबा


प्रेषक: आक्का, कॉव्हेंट्री

बी ताजंच लागतं, वाळवून ठेवलेलं उगवत नाही, म्हणून इथून बसून काही होणार नाही. मेअखेर मी गारगोटीला आहे. चांगली पिकलेली करवंदं बघून बी काढते, राखेत चोळून धुते आणि लगेच पिशव्यांत टाकते. वर्षभर भावजय पाणी घालील, पुढच्या जूनला रोपं लावायला तयार. चुलतभावाला सांगून ठेवा: तीनशेवर पिशव्या, पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत वीस मेपर्यंत गारगोटीला पोचतं करायचं. ताजं शेण नको, हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी होते.

– आक्का