राइट केलेली जुनी सीडी: शेवटचं गाणं १६ मिनिटांचं, हे बरोबर आहे का?

शेवटचा_ट्रॅक:
सेकंडहँड गठ्ठ्यातली राइट केलेली सीडी. वर मार्करने नुसतं 'इमो ९९'. १३ ट्रॅक, कॉम्प्युटरवर नावं येत नाहीत. शेवटचा १६ मिनिटांच्या वर. शब्द लवकर संपतात, मग तेच सूर फिरत राहतात, मधूनमधून खरखर. अल्बम कुठला? राइट करताना गाणं अडकलंय का? आणि प्रत्येक गाण्याआधी दोन सेकंद शांतता का?

गिटार_ढिली:
'इमो' (भावनाप्रधान रॉक) बँड जिमी ईट वर्ल्डचा 'क्लॅरिटी', १९९९. शेवटचं 'गुडबाय स्काय हार्बर' मुळातच एवढं लांब आहे, अडकलेलं वगैरे काही नाही. पहिलं गाणं संथ सुरू होऊन चढत जातं का, तेवढं बघा. २००७च्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी आहेत. तुमची नक्कल १३ गाण्यांच्या मूळ सीडीवरची दिसते.
दोन सेकंद म्हणजे बहुतेक 'ट्रॅक-अ‍ॅट-वन्स'ने (एकेक ट्रॅक सुटा) राइट केलंय. 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' (सगळी सीडी एका दमात) असतं तर ही भर टाळता आली असती. नावंही त्यामुळेच येत नाहीत: गाण्यांची नावं देणारा ऑनलाइन डेटाबेस सीडी ओळखतो ती ट्रॅक कुठे सुरू होतात त्यावरून, आणि इथे दर ट्रॅकला १५० फ्रेम (सेकंदाला ७५, म्हणजे तेच दोन सेकंद) वाढल्यात. नावं हाताने टाका.

निळी_डाय:
खरखरीचं कारण वेगळं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे ते १६ मिनिटांचं गाणं सगळ्यात बाहेर, जिथे बोटं लागतात. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. गोल चरा सलग डेटा खातो. वर कागदी लेबल असेल तर सोलू नका, चकाकणारा थर लेबलच्याच बाजूला असतो आणि लेबलाबरोबर निघून येतो. मग सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम, त्यात सिक्युअर मोड (चुका तपासत पुन्हापुन्हा वाचतो), वेग ४एक्स किंवा ८एक्स. अडलं तर दुसरा ड्राइव्ह लावा. एकाला न वाचलेली सीडी दुसरा बिनतक्रार वाचतो.

स्पेक्ट्रमवाला:
एवढी मेहनत करण्याआधी एक गाणं स्पेकमध्ये (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी चित्रात दाखवणारा प्रोग्राम) उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर सपाट काळं दिसलं तर बहुतेक १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवरून राइट केलंय. सिंबल पाण्याखालून वाजल्यासारखे येतात, तीही खूण. मग फ्लॅक (दर्जा न घटवणारी, पण मोठी फाइल) करून नुसती जागा जाते. मूळ सीडी घ्या.

निळी_डाय:
मान्य, पण उलटं गृहीत धरू नका. ३२० केबीपीएसची एमपीथ्री २० किलोहर्ट्झपर्यंत जाते, चित्रात मूळ सीडीसारखीच दिसू शकते.
आणि अ‍ॅक्युरेटरिपमध्ये (इतरांच्या कॉपीशी ताळा करणारा ऑनलाइन डेटाबेस) डिस्क सापडली नाही तर घाबरू नका, कारण तेच दोन सेकंद. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीतलं 'टेस्ट अँड कॉपी' चालवा, ते ट्रॅक दोनदा वाचतं. दोन्ही वेळचा सीआरसी (वाचलेल्या डेटाचा ताळा-आकडा) जुळला तर ठेवा. नाही जुळला तर पुन्हा पुसून फक्त तेरावा ट्रॅक परत कॉपी करा.