कमी पैशांत रोम : विद्यार्थीदशेतले तुमचे अनुभव लिहा

युरोपात शिकायला गेलेली आपली मुलं पहिल्याच सुट्टीत कुठे ना कुठे निघतात. विमानाचं स्वस्त तिकीट आधीपासून बघून ठेवलं की मिळतं, हॉस्टेलच्या सामायिक खोलीत एक बेडही मिळतो. खिसा रिकामा होतो तो शहरात उतरल्यावर. रोम मात्र गरिबाला सांभाळून घेणारं शहर आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथलं सर्वांत मोलाचं बरंचसं फुकट आहे, फक्त वेळ साधावी लागते. तुम्ही ती कशी साधलीत ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी जर्मनीत आखेनला मेकॅनिकलचं मास्टर्स करत असताना फेब्रुवारीत गेलो, महिन्याचा पहिला रविवार धरून. त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं सगळ्यांना मोफत असतात. कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडीचं एरवीचं तिकीट १८ युरो. मोफत रविवारी आगाऊ आरक्षण नसतं, तिकीट तिथेच रांगेत घ्यायचं, म्हणून सकाळी लवकर पोचा. १८ ते २५ वयाच्या मुलांना २ युरोचं तिकीट आहे, पण ते युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी. आपला पासपोर्ट भारतीय, तेव्हा जर्मन विद्यापीठाचं ओळखपत्र तिथे चालत नाही.

व्हॅटिकन हे वेगळं राष्ट्र, त्याचा हिशोबही वेगळा. त्यांची संग्रहालयं महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोफत, आणि साडेबारानंतर आत घेत नाहीत. दोन्ही रविवार साधायचे तर आठवडाभर राहावं लागतं आणि वाचलेले पैसे हॉस्टेलात जातात. त्यापेक्षा व्हॅटिकनची विद्यार्थी सवलत घ्या. पंचविशीपर्यंतच्या विद्यार्थ्याला ती मिळते, देश कुठलाही असो.

*

मिलानला आर्किटेक्चर शिकलेली, मूळची पुण्याची

वरच्या माहितीत एक महत्त्वाची भर. युरोपीय संघातल्या विद्यापीठात तुम्ही आर्किटेक्चर, पुरातत्त्व, कलेचा इतिहास किंवा वारसा जतन शिकत असाल, तर इटलीच्या सरकारी स्थळांवर कुठल्याही दिवशी मोफत प्रवेश आहे. इथे पासपोर्ट नाही, अभ्यासक्रम बघतात. चालू वर्षाच्या प्रवेशाचा कागद छापून न्या, त्यावर विभागाचं नाव स्पष्ट हवं. आमच्या वर्गातल्या कितीतरी भारतीय मुलांना हे माहीतच नव्हतं.

पण मला लिहायचंय ते चर्चबद्दल. सान लुइजी देई फ्रान्चेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची. ज्या जागेसाठी काढली त्याच जागी, आणि तिकीट नाही. कोपरा अंधारा असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं विझतो. कुणीतरी नाणं टाकलं की आजूबाजूचे सगळे सरकून जवळ येतात. तिथून चालत पाच मिनिटांवर सांतागोस्तिनो चर्च. तिथल्या काराव्हाज्जोच्याच चित्रात बाळाला घेऊन दारात उभ्या असलेल्या मेरीपुढे दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसलेत, आणि त्यांतल्या पुरुषाचे मळलेले तळवे थेट आपल्याकडे आहेत. आळंदीहून पायी निघून वाखरीला पोचलेल्या वारकऱ्याचे पाय असेच असतात. मी त्या चित्रापुढे खूप वेळ उभी राहिले. पैसे असते तरी मी दुसरीकडे कुठे गेले नसते.

मायकेलअँजेलोनं घडवलेला मोझेसचा पुतळा सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये आहे, तोही फुकट. फक्त बहुतेक चर्च दुपारी बंद होतात, साधारण साडेबारा ते साडेतीन. तेव्हा सकाळ चर्चसाठी, दुपार भटकायला. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला.

पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाला आता ५ युरो लागतात, २०२३ पासून. ते द्या. सुमारे ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत सळई नाही, आणि एकोणीसशे वर्षं उभा आहे. पाऊस पडत असेल तर नक्की जा, पाणी वरच्या भोकातून आत पडतं आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातं.

*

शाकाहारी आणि खूप भूक लागणारी

खाण्याचं मी सांगते. पिझ्झा अल ताल्यो म्हणजे वजनावर विकला जाणारा पिझ्झा. हातानं दाखवायचं एवढा हवा, ते कात्रीनं कापून तराजूवर ठेवतात. बटाटा आणि रोझमेरीचा मागा, त्यात पोट भरतं. सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा दिसायला शाकाहारी, पण नेहमीच्या सुप्लीत मांसाचा सॉस असतो, विचारून घ्या. पास्त्यात कार्बोनारा आणि अमात्रिचाना दोन्हींत डुकराचं मांस. काचो ए पेपे म्हणजे फक्त चीज आणि मिरी. मात्र पारंपरिक पेकोरीनो चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातून काढलेलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी टोमॅटो-लसणाचा मारिनारा पिझ्झा खावा, त्यात चीजच नसतं.

कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या. बसलात की दर बदलतो. पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती नासोनी नावाचे लोखंडी नळ आहेत, पाणी थंड आणि पिण्याचं. नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या छिद्रातून कारंजं उडतं.

चौथ्या दिवशी भात-आमटीची आठवण येणारच. टर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो मंडईत बांगलादेशी दुकानदार आहेत. भेंडी, कोथिंबीर, हिरवी मिरची, मसूर, सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल निवडा, हाच माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला.

*

घाईत लिहितोय

फ्युमिचिनो विमानतळावरून टर्मिनीची थेट गाडी १४ युरो, त्रास्तेवेरे आणि ओस्तिएन्से या स्टेशनांकडची साधी लोकल ८ युरो. शहरातलं दीड युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं, मेट्रो मात्र एकदाच. मूळ पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही जवळ हवं, हॉस्टेलला पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते. शहराचा मुक्काम कर बहुधा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो.

*

इतिहासाचा विद्यार्थी, नाशिक

जानिकोलो टेकडी कुणीच लिहिली नाही. फुकट आहे, आणि सगळं रोम खाली दिसतं. दुपारी बाराला तोफ उडते. पण मी गेलो ते १८४९ साठी. त्या वर्षी काही महिने इथे प्रजासत्ताक होतं, इटलीच्या एकीकरणाचा पुढारी मॅझिनी त्याच्या तीन प्रमुखांपैकी एक. फ्रेंच फौजांशी सेनानी गॅरिबाल्डीची माणसं याच टेकडीवर लढली. त्यांचे अर्धपुतळे रस्त्याच्या दुतर्फा आहेत. त्याची बायको अनिता गॅरिबाल्डी हिचा पुतळाही आहे, उधळलेल्या घोड्यावर, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्यात तान्हं बाळ. सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं आणि इंग्रज सरकारनं त्यावर बंदी घातली, हे शाळेत वाचलेलं होतं. त्या माणसाचं प्रजासत्ताक जिथे पडलं ती जागा पायाखाली होती. फलकांवरची नावं मी एकेक करून वाचत गेलो.

त्रास्तेवेरेहून चालत चढता येतं. चढ आहे, पाण्याची बाटली खालीच भरून घ्या.