अनुभव धागा : गाडीने सहकुटुंब किल्ले, लेणी, संग्रहालयं... आणि मनात राहिलेली एक गोष्ट

पुणे (धाग्याची सुरुवात)

मागच्या रविवारी आम्ही पाच जण नाणेघाटात जाऊन आलो. सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलं. नारायणगाव, जुन्नर, पुढे घाटघर. आता गाडी पठारापर्यंत जाते, म्हणून सासूबाईंना नेता आलं. पठारावरून नाळेतल्या पायऱ्या थोड्या उतरलं की गुहा लागते. भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. कोणते यज्ञ केले आणि किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दान दिली याची ती यादी आहे. मुलगा आकडे कुठे आहेत ते शोधत बसला. सासूबाई मात्र मागच्या भिंतीपाशी थांबल्या. तिथे एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधलं सगळं गेलंय.

"पावलंच राहिली का गं?" म्हणाल्या आणि वाकून त्या जागेला हात लावून नमस्कार केला. आमच्या घरी लक्ष्मीची पावलं रोज त्याच काढतात. आम्हाला त्या भिंतीत इतिहास दिसत होता, त्यांना ती पावलं ओळखीची वाटली.

तेव्हापासून मनात आहे की प्रत्येकाकडे असं काहीतरी असणार. घरच्यांना गाडीत घालून निघालात, चार ठिकाणं पाहिलीत आणि एका वस्तूपाशी किंवा एका जागी सगळे थांबलात. ती गोष्ट लिहा. रस्ता, वेळा, जेवणाची सोय हेही जमलं तर सांगा, पण ती एक गोष्ट नक्की.

सोलापूर

आमची गोष्ट तेरची. तुळजापूरला दर्शन घेऊन धाराशिवमार्गे गेलो. आईला तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव एवढंच माहीत होतं आणि तिला समाधीचं दर्शन घ्यायचं होतं. ते शांतपणे झालं. मग मी म्हणालो, इथे एक संग्रहालय आहे, अर्धा तास थांबू. तीन तास गेले.

रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे. पावसाळ्यानंतर शेतात आणि टेकाडांवर मातीतून जे वर येई ते त्यांनी आयुष्यभर वेचलं. मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या, दिवे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. सातवाहनांच्या काळी हे तगर नावाचं मोठं बाजाराचं गाव होतं. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनातही तगरचं नाव येतं. इथला माल भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजाने रोमन लोकांच्या मुलखात. इथल्या कुंभारांनी रोमन वस्तूंसारख्या वस्तू घडवल्या, त्याही कपाटात आहेत. गोरोबा तर त्यानंतर हजारेक वर्षांनी आले. म्हणजे मातीला हात लागलेलं हे गाव किती जुनं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

आई शंखाच्या बांगडीपाशी उभी राहिली. अर्धी तुटलेली, एका कडेला नक्षी. तिने आपल्या मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या आणि काचेला मनगट टेकवून माप घेतलं. म्हणाली, "ही लेकराची आहे. सात-आठ वर्षांची असंल पोर." मी आजवर बरीच संग्रहालयं पाहिलीत, पण कुणी माझ्यासमोर असं माप घेतलं नव्हतं.

तिथे एक हस्तिदंती बाईची छोटी मूर्तीही आहे. अगदी तशाच घडणीची एक मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली, असं तिथल्या माणसाने सांगितलं. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिरही चुकवू नका. विटांचं आहे आणि मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. ते मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, विष्णू तिथे नंतर आला.

छत्रपती संभाजीनगर

थोडक्यात आणि कामाचं लिहितो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दरवर्षी कुणी ना कुणी नातेवाईक लांबून येतात आणि दारातून परत फिरतात, म्हणून हे आधी.

वेरूळला लहान मुलं असतील तर कैलासाच्या आत शिरण्याआधी बाजूच्या पायवाटेने वर डोंगरावर न्या. कडेला हात धरून उभं करा. कैलास वरून खाली कोरत नेलाय, आधी कळस, मग खांब, मग जोतं. खालून पाहिलं की देऊळ बांधल्यासारखं वाटतं. वरून पाहिलं की डोंगरात एवढा मोठा खड्डा आणि मधे उरलेलं देऊळ दिसतं. माझ्या आठ वर्षांच्या पुतणीने विचारलं, "काका, चुकलं असतं तर?" त्या प्रश्नावर आम्ही घरी पोहोचेपर्यंत बोलत होतो.

श्टुटगार्ट, जर्मनी

सोलापूरकरांचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण ती दुसरी बाई आम्ही पाहिली आहे!

आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. दोन मुक्काम करत गाडीने नेपल्सपर्यंत गेलो. आधी पाँपेई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं शहर. रस्त्याच्या फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेले खोल चर आहेत, माझं अख्खं बोट त्यात उभं राहिलं. बाबा मराठीचे मास्तर होते. ते त्या चरापाशी उकिडवे बसले आणि नातवाला म्हणाले, "ही चाकोरी. चाकोरीबाहेर जा म्हणतात ना, ती ही." मुलाने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. मी आयुष्यभर वापरला, पण त्यात चाक आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. हस्तिदंती मूर्ती वीतभर उंचीची. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडली. तिला लक्ष्मी म्हणत आले, पण यक्षी असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातात शृंगाराचं सामान. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरपूर. आई आधी संकोचली, मग जवळ गेली आणि एकेक मोजू लागली. गळ्यातले हार, कमरेला मेखला, पायात पोटरीपर्यंत चढलेले वाळे, हातात कोपरापर्यंत बांगड्या. "लमाणांच्या बायका घालतात तशा", म्हणाली. आई बीडची. तेर तिच्या माहेरापासून तसं लांब नाही, पण तिने ते पाहिलेलं नाही. परक्या देशात, काचेच्या पेटीत, दोन हजार वर्षांपूर्वीची आपल्याकडची बाई! आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ बोलली नाही.

ही मूर्ती एका वेगळ्या दालनात आहे, तेव्हा आत शिरतानाच विचारून घ्या. हे संग्रहालयही मंगळवारी बंद असतं.

कोल्हापूर

रोमन संबंध निघालाच आहे तर आमचं टाऊन हॉल संग्रहालय. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जे निघालं ते तिथे ठेवलंय. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. समुद्र इथून घाट उतरून कितीतरी लांब, आणि हा समुद्राचा देव बैलाच्या पाठीवरून घाट चढून आला असणार! आमच्या आप्पांनी तिच्यासमोर हात जोडले. पाहुणा आहे, म्हणाले.

रत्नागिरी, सध्या ठाणे

आजीला तिचं गाव दाखवायला नेलं होतं. ती चौदा वर्षांनी जात होती. टिळकांचं जन्मघर पाहिलं. ते १८५६ साली इथे जन्मले. कौलारू घर, गार सारवल्यासारखा वास, अंगण. मग थिबा राजवाडा.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि राणी-मुलींसह त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधून झाला. तोवर त्याची हद्दपारीतली पंचवीस वर्षं गेली होती. पुढच्या सहा वर्षांत, १९१६ मध्ये, तो इथेच वारला. त्याची कबरही रत्नागिरीतच आहे. आता वाड्यात संग्रहालय आहे.

मी माहिती वाचून दाखवत होतो आणि आजी म्हणाली, "त्याची नात टूटू. ती आपल्यासारखीच बोलायची." राजाच्या थोरल्या मुलीने इथल्याच माणसाशी संसार केला आणि तिची मुलगी टूटू रत्नागिरीत वाढली, मराठी झाली, २००० साली गेली. आजीने तिला बाजारात पाहिलेलं. पाटीवर जे नव्हतं ते माझ्या आजीच्या तोंडून आलं. मी फोन काढून तिचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. सात मिनिटं. तुमच्या घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर हे करा, आत्ताच करा. ही आजीची शेवटची सहल होती.

पनवेल

रायगडला जाणारे बरेच जण महाडमधून न थांबता निघून जातात. आमच्या वडिलांनी गाडी आधी चवदार तळ्याकडे वळवायला लावली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब या तळ्यात उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि मागोमाग हजारो माणसं. वडील पायऱ्यांवर बसले. माझे आजोबा गावात पाण्यासाठी कसे ताटकळायचे ते त्यांनी माझ्या मुलींना सांगितलं. मलाही ते कधी सांगितलं नव्हतं. पाणी लांबूनच पाहायचं, कुणीतरी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. धाकटी म्हणाली, "आणि कुणी आलंच नाही तर?" वडील म्हणाले, "तर तहान."

पुढे पाचाडला जिजाऊंची समाधी. १६७४ च्या जून महिन्यात राज्याभिषेक झाला आणि बारा दिवसांच्या आत त्या गेल्या. गडावर रोपवेने. जगदीश्वराच्या मंदिराबाहेर पायरीच्या दगडावर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' अशी अक्षरं आहेत. गड बांधणाऱ्याचं नाव पायरीवर. मुलींनी ती अक्षरं बोटाने गिरवली. त्या एका दिवसात जे पाहिलं ते मी वेगवेगळं करू शकत नाही.

बंगळूर

आमच्या घरात मराठी टिकवणं हे रोजचं काम आहे. लेक शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकते, देवनागरी मी घरी शिकवली. तिला नेहमी प्रश्न पडायचा, इथे कोण वाचणार आहे हे?

दिवाळीच्या सुट्टीत जिंजी आणि तंजावर केलं. जिंजीचा किल्ला म्हणजे प्रचंड धोंड्यांचे डोंगर, त्यावर तट. राजाराम महाराज रायगडाच्या वेढ्यातून निसटून इथवर आले आणि काही वर्षं स्वराज्याची राजधानी इथे होती. २०२५ मध्ये जागतिक वारशात आलेल्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. उन्हात राजगिरी हा त्यातला डोंगर चढणं अवघड आहे, पहाटे लवकर सुरुवात करा आणि पाणी भरपूर घ्या.

तंजावरला बृहदीश्वर. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं देऊळ. आम्ही शिखर पाहून मान दुखेपर्यंत फिरलो आणि मग प्राकाराच्या भिंतीपाशी लेक थबकली. "आई, हे आपलं आहे." भिंतभर देवनागरी. तंजावरच्या सरफोजी भोसले राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. शब्द तोडलेले नाहीत, सगळं सलग, वळणही जुनं. अडखळत तिने 'शिवाजी' वाचलं, मग 'राजे'. तेवढ्यात मागून एक वयस्क गृहस्थ आले आणि मराठीत बोलू लागले. त्यांचं घराणं तंजावरचंच, कित्येक पिढ्यांचं. त्यांची मराठी माझ्या कानांना जुनी वाटत होती, मधेच तमिळचा हेल, पण आजीच्या तोंडचे शब्द. त्यांना मराठी बोलता येत होती पण देवनागरी नीट वाचता येत नव्हती. लेकीने त्यांना तीन ओळी वाचून दाखवल्या. ते डोळे मिटून उभे होते.

सरस्वती महाल ग्रंथालयाला जोडलेलं छोटं प्रदर्शनही पाहा. पण आमच्यासाठी तंजावर म्हणजे ती भिंत. लेकीने त्यानंतर तो प्रश्न विचारलेला नाही.

दिल्ली

पानिपत दिल्लीहून गाडीने दोन तासांच्या आत. दर १४ जानेवारीला आम्ही जातो. काला आंबच्या स्मारकापाशी तीळगूळ ठेवतो. १७६१ ची लढाई याच तारखेला झाली. एवढंच.

सोलापूर

श्टुटगार्टच्या ताई, तुमचं सगळं लिहिणं आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. तिने विचारलं, "तिच्या हातातल्या बांगड्या शंखाच्या होत्या का?"

श्टुटगार्ट, जर्मनी

नाही हो काकू, हस्तिदंताच्याच. अख्खी मूर्ती एकाच तुकड्यातून कोरलेली, त्यामुळे बांगड्या हातापासून वेगळ्या होत नाहीत. आम्ही डिसेंबरात बीडला येतोय. आईला तेरला न्यायचं ठरलंय.

सोलापूर

या. बीडहून आलात तर धाराशिवच्या अलीकडूनच तेरला वळता येईल. संग्रहालय सुट्टीचा वार बघून गाठा, मी आधी विचारून कळवतो. आणि जेवायला बाहेर थांबू नका, पुढे सोलापूरला घरी या. आई म्हणते शेंगाच्या पोळ्या करते, आणि तुमच्या आईंच्या मनगटाचं माप कळवा, सोलापुरात बांगड्या चांगल्या मिळतात.