दुहेरीत मानांकन कोणाचं, खेळाडूचं का जोडीचं?

खामला_एक्स्प्रेस:
मंडळी, एक काम अंगावर घेतलं अन आता अडकून बसलो. आमच्या क्लबचा वार्षिक अंक निघतो, त्यात पुण्याच्या महाराष्ट्र ओपन टेनिसच्या पुरुष दुहेरीवर दोन पानं लिहून द्यायची आहेत. बालेवाडीला 2018 ते 2023 झाली ती एटीपीची, म्हणजे पुरुष टेनिसच्या जागतिक संघटनेची, मधलं 2021 सोडून. जुनी कात्रणं काढली तर 'मानांकन' हा शब्द दर बातमीत वेगळ्याच कामाला लावलेला, कुठे 'जागतिक मानांकनात अमुक क्रमांकावर', कुठे 'अव्वल मानांकित जोडी', अन एका ठिकाणी तर आपल्या दुहेरीवाल्या रोहन बोपण्णाला 'द्वितीय मानांकित बोपण्णा', म्हणजे जोडीदार बिचारा बिनमानांकितच का? दुसरं, 'पुढे चाल मिळाली' म्हणजे बाय की वॉकओव्हर? अन तिसरं, 2022 च्या फायनलचा स्कोअर 6-7, 6-3, 10-6 असा छापलाय. अंक वाचणारे अर्धे लोक क्रिकेटवाले, त्यांना हा 10-6 काय म्हणून सांगू?

रामनगर_बेसलाइन:
मानांकनाचा घोळ एकेरीत खपून जातो म्हणून कोणी लक्ष देत नाही. एकेरीत क्रमवारी पण एकाच माणसाची अन मानांकन पण त्याचंच, त्यामुळे पेपरवाल्यानं एकाच्या जागी दुसरा शब्द टाकला तरी वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. दुहेरीत मात्र लगेच उघडं पडतं, कारण एटीपीची दुहेरीची जी दर आठवड्याची यादी आहे ती एकेका खेळाडूची आहे, तिला क्रमवारी म्हणा, आणि स्पर्धेच्या ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्यात, नावापुढे जो 1, 2, 3, 4 आकडा येतो तो जोडीचा, ते मानांकन. दोघांचे क्रमवारीतले आकडे मिळवायचे, ज्यांची बेरीज कमी ती जोडी वर. समजा एक जण 12 वा अन दुसरा 40 वा तर त्यांचे झाले 52, अन समोरच्या जोडीत दोघंही 25 वे असले तर त्यांचे 50, म्हणून ते वर बसतील. आता यात 'मानांकन' कोणा एकाचं कसं असेल?

चांगलं उदाहरण पाहिजे तर 2024 ची ऑस्ट्रेलियन ओपन घ्या. बोपण्णा अन मॅथ्यू एब्डेन, जोडी द्वितीय मानांकित. क्वार्टर फायनल जिंकली तेव्हाच बोपण्णा नंबर वन होणार हे पक्कं झालं, वय 43, त्या वयात पहिल्यांदा नंबर वन झालेला दुसरा कोणी नाही. तरी ड्रॉमध्ये ते शेवटपर्यंत दुसरेच, कारण स्पर्धा सुरू झाली की मानांकन गोठतं. फायनलला बोलेली-वावासोरीला 7-6, 7-5 हरवलं तेव्हा बातमी अशी पाहिजे की 'द्वितीय मानांकित जोडी जिंकली, बोपण्णा क्रमवारीत अव्वल'. दोन्ही जागी 'मानांकन' घातलं तर वाचणारा म्हणेल एकाच ओळीत पहिला पण अन दुसरा पण, हे काय चालू आहे.

सावजी_स्पेशल:
मानांकन म्हटलं की आपल्याकडे आधी संत्रं आठवतं भाऊ, भौगोलिक मानांकन आहे त्याला 😄 आयएसओ मानांकन, संत्र्याचं मानांकन, अन आता बोपण्णाचं पण. काहून एका शब्दाला एवढं राबवता?

धरमपेठची_मावशी:
थट्टा सोडा, सावजीचा मुद्दा बरोबरच आहे. 'मानांकन' हा शब्द मुळात दर्जाचा शिक्का या अर्थानेच जास्त चालतो, त्यामुळे टेनिसच्या बातमीत नवीन वाचक त्याचा अर्थ 'दर्जा' असाच घेणार आणि म्हणूनच तो क्रमवारीत सांडतो. मी शाळेत मराठी शिकवायचे, टेनिसमधलं मला फार कळत नाही, पण शब्द बदलायच्या फंदात पडू नका एवढं सांगेन, खेळाच्या पानावर 'अव्वल मानांकित' पक्कं रुळलंय. फक्त 'मानांकित'च्या पुढे कायम 'जोडी' लिहा, एकट्या माणसाचं नाव लिहू नका. आणि 'जागतिक मानांकन' जिथे दिसेल तिथे खोडून 'जागतिक क्रमवारी'. तुझा अर्धा गोंधळ तिथेच मिटेल. 'बिनमानांकित' आणि 'बिगरमानांकित' दोन्ही दिसतात, मला 'बिगर' जरा सरकारी वाटतं, पण चूक नाही.

रामनगर_बेसलाइन:
मावशी, हे बेस्ट. अन आता 10-6. एटीपीच्या दुहेरीत दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकला की तिसरा सेट पूर्ण खेळतच नाहीत, त्याच्या जागी एक मोठा टायब्रेक, जो आधी 10 गुण करेल, पण दोनचा फरक पाहिजे. 2006 पासून असंच आहे. म्हणजे 6-7, 6-3 मधले आकडे गेमचे अन 10-6 मधले गुणांचे, एकाच ओळीत दोन वेगळी मापं. इंग्रजी स्कोअरमध्ये ते चौकोनी कंसात टाकतात, आपल्या पेपरात कंस गळतो अन वाचणाऱ्याला वाटतं तिसरा सेट 10-6 गेमपर्यंत लांबला, जुन्या काळी तसे लांबायचेच. बोपण्णा-रामकुमारनं त्या फायनलला अव्वल मानांकित सॅव्हिल-स्मिथला हरवलं ती अशीच. तुम्ही सरळ लिहा, 'सुपर टायब्रेकमध्ये 10-6'. आपल्या कोर्टवर सगळे सुपर टायब्रेकच म्हणतात.

हां, ग्रँडस्लॅमच्या पुरुष दुहेरीत हा शॉर्टकट नाही, तिथे तिसरा सेट पूर्ण होतो, 6-6 झाले तरच 10 गुणांचा टायब्रेक. विम्बल्डनला तर 2022 पर्यंत पुरुष दुहेरी पाच सेटची होती, 2023 पासून तीनची केली.

बर्डी_ते_बालेवाडी:
अन 40-40 ला ड्यूस, म्हणजे दोन गुणांची आघाडी होईपर्यंत खेळत राहणं, पण नाही ना एटीपीच्या दुहेरीत. एकच पॉइंट, जिंकला त्याचा गेम. सर्व्हिस उजवीकडे घ्यायची का डावीकडे ते घेणारी जोडी ठरवते. मी 2019 ला बालेवाडीला पाहिली होती मॅच, बोपण्णा-दिविज जिंकले त्या वर्षीची, तर 40-40 ला सर्व्हिस घेणारे दोघं मधोमध येऊन तोंडाला हात लावून कुजबुजत होते की तू घेतो का मी, अन सर्व्हिसवाला तिकडे बॉल टप्पे मारत नुसता उभा. त्या पॉइंटला मराठीत काय म्हणायचं? 'निर्णायक गुण' लिहिलं तर कोणाला वाटेल मॅचचाच शेवटचा पॉइंट.

धरमपेठची_मावशी:
'गेमचा निर्णायक गुण'. तेवढं 'गेमचा' लावलं की झालं.

सावजी_स्पेशल:
नेटवरचा माणूस मधेच आडवा घुसून बॉल मारतो त्याले पोचिंग म्हणते. नागपुरात हे छापू नका बाप्पा, लोकं म्हणतील वाघ गेला का पुन्हा एखादा.

खामला_एक्स्प्रेस:
😂 तो शब्द गाळला. 'आडवा घुसला' असंच लिहितो, खेळणारे पण तसंच बोलतात. पुढे चालचं काय मग?

रामनगर_बेसलाइन:
'पुढे चाल' दोन्हीला वापरतात अन तिथेच घोटाळा आहे. बाय म्हणजे ड्रॉमध्ये समोर कोणी नाहीच, वॉकओव्हर म्हणजे समोरची जोडी होती पण मॅचला उतरलीच नाही, मग पाठ भरली असेल, ताप असेल, काहीही. पण पुण्याचा दुहेरीचा ड्रॉ 16 जोड्यांचा, सोळाचे आठ, आठाचे चार, कोणाला बाय द्यायची गरजच पडत नाही. म्हणून तुमच्या कात्रणात दुहेरीच्या बातमीत 'पुढे चाल' दिसलं तर तो वॉकओव्हरच समजा. मॅच सुरू होऊन मधेच सोडली तर मात्र पुढे चाल लिहू नका, 'दुखापतीमुळे सामना सोडला' लिहा, तिथे जेवढा खेळ झाला तेवढा स्कोअर पण द्यावा लागतो.

आपल्या क्लबातल्या स्पर्धेत तर 11 जोड्या आल्या की पाच बाय. कोणी 'पुढे चाल' म्हणत नाही, 'आपल्याले बाय लागला' असंच.

बर्डी_ते_बालेवाडी:
अजून एक, 'दुहेरी मुकुट' जपून वापरा. तो एकेरी अन दुहेरी दोन्ही जिंकणाऱ्याला लावतात. मी एका ठिकाणी नुसती दुहेरी जिंकलेल्या जोडीला 'दुहेरी मुकुट' लावलेला पाहिलाय, दोघं आहेत म्हणून दोन मुकुट बहुतेक.

अन मावशी, दुहेरी खेळता खेळता पार्टनरवर चिडून 'तू' वर उतरला तर तो एकेरीवर आला म्हणायचं ना?

धरमपेठची_मावशी:
अगदी. आणि पुढच्या सेटला जोडीदार बदलायची सोय नाही हेही त्याला सांगा. 'जोडीदार' लिहितानाही संदर्भ ठेवा बरं, आमच्या भागातल्या एका क्लबच्या फळ्यावर 'संध्याकाळी साडेसहासाठी जोडीदार पाहिजे' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, खाली फोन नंबर. तिथे 'पार्टनर'च बरा.

खामला_एक्स्प्रेस:
आता शेवटचं. एखादी जोडी ऐनवेळी गळली अन तिच्या जागी बाहेरची जोडी घेतली तर तिला ड्रॉमध्ये 'अल्टरनेट' लिहितात. एकेरीत 'लकी लूजर' असतो, दुहेरीत तो दिसत नाही, हे काय?

रामनगर_बेसलाइन:
लकी लूजर म्हणजे क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य ड्रॉआधीच्या पात्रता फेरीच्या, शेवटच्या मॅचमध्ये हरून पण जागा मिळालेला. 16 जोड्यांच्या ड्रॉला बहुतेक ठिकाणी दुहेरीचं क्वालिफाइंगच नसतं, तर हरलेला आणणार कुठून? अल्टरनेट कोणाशी हरलेले नसतात, नुसतं नाव देऊन तिथे थांबलेले असतात, वेटिंगचं तिकीट कन्फर्म व्हायची वाट पाहत बसतो ना आपण तसे. 'राखीव जोडी' लिहा.

धरमपेठची_मावशी:
'राखीव जोडी' चालेल. 'पर्यायी जोडी' नको, त्याने वाटतं की निवड करायची आहे.

खामला_एक्स्प्रेस:
डन. उद्या पानं टाकतो इथे, खोडायचं ते खोडा.