मदत हवी आहे: बेट्टाची पिल्ले पोहू लागल्यावर आठवड्याभरात का दगावतात?

नमस्कार.

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीत राहते. गेली चार वर्षे घरी बेट्टा, म्हणजे दुकानांत ज्याला सर्रास 'फायटर' म्हणतात तो मासा, पाळते आहे. मोठ्या माशांच्या बाबतीत मला फारशी अडचण आलेली नाही. माझा पहिला नर तीन वर्षे जगला. मात्र गेल्या ऑक्टोबरपासून मी त्यांची पैदास करण्याचा प्रयत्न करते आहे. पहिल्या वेळी नराने दुसऱ्याच दिवशी सगळी अंडी खाल्ली. दुसऱ्या वेळी पिल्ले झाली, पण त्यांतील बहुतेक डोळ्यांदेखत गेली. वीस-बावीस पिल्ले आज जिवंत आहेत आणि ती तरी वाचावीत म्हणून तातडीने लिहिते आहे.

काय केले ते क्रमाने सांगते, म्हणजे चूक कुठे झाली हे जाणकारांना ओळखता येईल. नर निळा हाफमून (अर्धवर्तुळासारखी पसरणारी शेपटी असलेला) आहे आणि मादीही त्याच घराण्यातील नसली तरी त्याच रंगाची आहे. दोघांना दहा दिवस वेगवेगळे ठेवून जिवंत डासांच्या अळ्या आणि गोठवलेले ब्लडवर्म खाऊ घातले. पैदाशीसाठी ४० लिटरची काचेची टाकी घेतली, तळाशी वाळू ठेवली नाही, पाण्याची उंची जेमतेम १२ सेंटिमीटर ठेवली आणि हीटरने तापमान २८ अंशांवर आणले. फेसाच्या घरट्याला आधार म्हणून थर्माकोलचा अर्धा कापलेला पेला पाण्यावर चिकटवला. मादीला पहिले दोन दिवस कंदिलाच्या काचेत ठेवले, म्हणजे दोघांना एकमेकांना पाहता येईल पण नर तिला इजा करू शकणार नाही. तिच्या अंगावर उभे पट्टे दिसू लागले, पोट भरलेले होते आणि पोटाखालचा पांढरा ठिपकाही ठळक झाला होता, तेव्हा रविवारी सकाळी तिला मोकळे सोडले.

त्या दुपारी जे पाहिले ते मी विसरणार नाही. नर मादीला विळखा घालतो, क्षणभर दोघेही निश्चल होतात, अंडी पांढऱ्या रव्यासारखी खाली झरतात आणि मादी अजून गुंगीत तरंगत असतानाच नर ती एकेक तोंडाने वेचून फेसात नेऊन ठेवतो. हे तीन तास चालले होते. नंतर मी मादीला बाहेर काढले. मंगळवारी सकाळी अंडी फुटली आणि घरट्याखाली शेपट्या खाली सोडून लोंबकळणारी इवली पिल्ले दिसू लागली. जे खाली पडे त्याला बाप पुन्हा वर नेऊन ठेवी. शुक्रवारी पिल्ले आडवी पोहू लागली, तेव्हा सगळीकडे वाचल्याप्रमाणे मी नरालाही वेगळे केले. त्या वेळी माझ्या अंदाजाने सव्वाशे ते दीडशे पिल्ले होती.

अडचण इथून सुरू झाली. माझ्याकडे जिवंत खाद्य नव्हते. दुकानदाराच्या सांगण्यावरून उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून त्याचे थेंब दिवसातून चार वेळा दिले, शिवाय पिल्लांसाठी मिळणारी कोरडी पूड दिली. रविवारपासून रोज दहा-पंधरा पिल्ले तळाशी मेलेली सापडू लागली. त्यांची पोटे आत गेलेली दिसत होती. सोमवारपर्यंत पाणी गढूळ झाले आणि त्याला वास येऊ लागला, म्हणून मी एकदम अर्धे पाणी बदलले. पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब नियमाप्रमाणे घातले होते आणि तापमानही जुळवले होते. तरीही मंगळवारी सकाळी पाहते तर एका रात्रीत साठ-सत्तर पिल्ले गेली होती.

एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पालिकेचे पाणी कमी पडले की सोसायटी टँकर मागवते आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत पडते. माझ्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजण्याचे साधन आहे. पालिकेच्या पाण्याचा आकडा शंभराच्या आसपास येतो. त्या सोमवारी तो ५२० होता, पण हे मी दुर्दैवाने नंतर मोजले.

माझे प्रश्न असे: पिल्ले भुकेने गेली, पाण्याने गेली, की एखाद्या रोगाने? उरलेल्या पिल्लांना आज, आत्ता काय खाऊ घालावे? टाकीत रात्री तापमान २५ पर्यंत उतरते, त्याचा यात किती वाटा असेल? माझ्या मुलीने या पिल्लांची रोज नोंद ठेवली आहे आणि तिला मी 'असे होतेच' एवढेच उत्तर देऊ इच्छित नाही.

प्रतिसाद १

ताई, मी नेरुळला राहतो आणि सुमारे अठरा वर्षे बेट्टाची पैदास करतो आहे. तुम्ही सगळे इतके नीट लिहिले आहे की निदान करणे फार अवघड नाही. माझ्या मते तुमच्या पिल्लांवर एकापाठोपाठ दोन संकटे आली आणि दोन्हींचे मूळ त्या बलकात आहे.

पहिले संकट भुकेचे. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू साधारण तीन मिलिमीटरचे असते आणि पोटाखालच्या पिशवीतील अन्नावर दोन-तीन दिवस काढते. आडवे पोहू लागले याचा अर्थच ती शिदोरी संपली. त्यानंतर त्याला जे हलते तेच अन्न वाटते. बलकाचा कण हलत नाही, तळाशी बसतो आणि बहुतेक पिल्ले त्याच्याकडे पाहतही नाहीत. पोट आत गेलेली पिल्ले तिसऱ्या दिवसापासून मरू लागली, हे अगदी उपासमारीचेच चित्र आहे.

दुसरे संकट सोमवारचे. न खाल्लेला बलक कुजला की पाण्यात अमोनिया तयार होतो. पाण्याचा सामू (पीएच) सातच्या खाली किंवा आसपास असेल तर त्यातील बहुतांश भाग अमोनियमच्या रूपात राहतो आणि तो तितका घातक नसतो. सामू वाढला की तोच साठा विषारी अमोनियाच्या रूपात जातो. टँकरचे पाणी बोअरवेलचे असेल, तर ते जड, म्हणजे क्षारांचे, आणि बहुधा अल्कधर्मी असते. तुम्ही अर्धे पाणी बदलून घाण निम्मी केलीत, पण उरलेली निम्मी अधिक विषारी झाली असावी. वर टीडीएस एकदम इतका चढल्याचा धक्का त्या तीन-चार मिलिमीटरच्या जिवांना बसला. अँटीक्लोरीन क्लोरीन काढते. पाण्याचा जडपणा किंवा सामू ते बदलत नाही. तुमचा हेतू योग्यच होता, म्हणून स्वतःला दोष देऊ नका, पण पुढच्या वेळी पाणी आधी मोजा.

आज काय करायचे ते सांगतो. बलक आणि पूड पूर्ण बंद करा. हवेच्या पंपाची पातळ नळी घेऊन तळाचा गाळ हळूहळू ओढून घ्या आणि ते पाणी पांढऱ्या भांड्यात पाडा, म्हणजे चुकून आलेले पिल्लू दिसेल. टँकर न आलेल्या दिवशी पालिकेचे पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवून ठेवा. टाकीतले पाणी सध्या जड आहे, तेव्हा ते एकदम हलके करण्याच्या फंदात पडू नका. रोज दहावा हिस्सा, त्याच नळीला गाठ मारून थेंब थेंब सोडा. आठवड्याभरात आकडा आपोआप खाली येईल.

खाद्याचे म्हणाल तर तुमची पिल्ले आता बारा दिवसांची आहेत आणि इतके जगली आहेत म्हणजे काचेवरचे सूक्ष्मजीव त्यांना थोडेफार मिळत असावेत. त्यांना आता आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची, ताजी पिल्ले खाता येतील. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, खालून हवेचे बुडबुडे, वर दिवा आणि २८ अंशांच्या आसपास तापमान. चोवीस तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. दिव्याने ते एका बाजूला गोळा करा, बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि मगच द्या. पिल्लांची पोटे काही मिनिटांत नारिंगी दिसू लागतील. दिसली नाहीत तर पिल्लू खात नाही असे समजा.

ते तयार होईपर्यंत मायक्रोवर्म द्या. माझ्याकडे त्याचे विरजण कायम असते. ओट्सच्या घट्ट पेजेत चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर विरजण घातले की चार-पाच दिवसांत हे धाग्यासारखे किडे डब्याच्या भिंतीवर चढतात. ते बोटाने पुसून टाकीत बुडवायचे. निरोप पाठवलात तर मी उद्या संध्याकाळी ठाण्याच्या गाडीने ऐरोली स्थानकापर्यंत डबा घेऊन येईन.

तापमानाबद्दल: २५ अंशांनी पिल्ले एका रात्रीत मरत नाहीत, पण मंदावतात आणि कमी खातात. हीटर बहुधा पाण्याच्या मानाने ठीक असेल, उघड्या पृष्ठभागातून उष्णता जात असेल. टाकीवर काच किंवा प्लॅस्टिक झाका. पुढच्या दोन आठवड्यांत याला आणखी एक कारण आहे. बेट्टा हा थायलंडकडच्या भातखाचरांतला, उथळ आणि कोमट पाण्यातला मासा आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, पण त्यासाठीचे इंद्रिय पिल्लांमध्ये जन्मतः नसते. ते साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कामाला लागते, आणि तेव्हा पाण्यावरची हवा दमट व उबदार असावी लागते. तोपर्यंत स्पंज फिल्टरचे अगदी मंद बुडबुडे चालू ठेवा.

नराने पहिल्या वेळी अंडी खाल्ली याची खंत करू नका. पहिलटकर नर पुष्कळदा असे करतात, आणि न फळलेली, पांढरी पडलेली अंडी तर चांगला बापही खातो. या वेळी त्याने जबाबदारी नीट पार पाडली आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. दोनच गोष्टी जोडतो. रात्री खोलीतला दिवा मालवून पिल्लांवर बाजूने टॉर्चचा प्रकाश टाका. अंगावर सोनेरी धुळीसारखी झाक दिसली तर तो वेल्व्हेट रोग असतो, तो लहान पिल्लांत फार वेगाने पसरतो, आणि मग पाणी व खाद्य सुधारून भागत नाही. दुसरे म्हणजे, बदामाची वाळलेली पाने वापरा. आपल्याकडे सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाची झाडे असतात आणि याच दिवसांत त्यांची पाने लाल होऊन गळतात. फवारणी न झालेल्या, रस्त्यापासून दूरच्या झाडाचे पूर्ण वाळलेले पान धुऊन टाका. पाणी चहासारखे होईल, पण त्या पानावर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्ले दिवसभर टिपत राहतात. पुढच्या खेपेला नर-मादी एकत्र आणण्यापूर्वीच आठवडाभर हे पान टाकीत असू द्या.

आणि एक विनंती. पिल्ले अडीच-तीन महिन्यांची झाली की नर एकमेकांचे पर फाडू लागतात आणि प्रत्येकाला वेगळे भांडे लागते. ती कोणाला द्यायची हे आताच ठरवा. ठाण्यात तलाव भरपूर आहेत, म्हणून जास्तीचे मासे उपवन किंवा मासुंद्यात सोडणारे लोक मी पाहिले आहेत. परदेशी मासा आपल्या तलावात सोडणे त्या माशाच्याही हिताचे नाही आणि तलावाच्याही.

धागाकर्तीचा प्रतिसाद (नऊ दिवसांनंतर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही ठोस सांगण्यासारखे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

काकांनी दिलेले विरजण त्याच रात्री पेजेत घातले, आणि त्यांनी सोबत आणलेल्या तयार किड्यांमुळे पिल्लांना पहिल्या दिवसापासून खाद्य मिळाले. आर्टेमिया पहिल्या वेळी फुटला नाही. पाणी २३ अंशांवर होते, ते गरम टाकीच्या शेजारी ठेवल्यावर दुसऱ्या वेळी व्यवस्थित झाला. नारिंगी पोटे प्रथम मुलीने पाहिली. टॉर्च टाकून तीन रात्री तपासले, सोनेरी झाक कुठेही दिसली नाही. टाकीचा टीडीएस ३४० वरून आता १६० वर आला आहे. पाणी आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन ड्रममध्ये साठवतो आणि ड्रम भरण्यापूर्वी दर वेळी मोजतो.

पहिल्या दोन दिवसांत आणखी पाच पिल्ले गेली. त्यानंतर एकही गेलेले नाही. आज सकाळी मोजली तेव्हा सतरा होती आणि त्यांतील दोन-तीन पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसली. झाकण काचेचे आहे, आतून दंव धरलेले असते, पण खाद्य घालताना ते दिवसातून चार वेळा उघडावे लागते. काका, तेवढ्या वेळात आत येणाऱ्या थंड हवेने त्यांना त्रास होईल का, की झाकणाला छोटे भोक पाडून नळीने खाद्य सोडणे बरे?