मालकीच्या रानाचा मोबदला कोणी आणि कोणाला द्यावा?

येऊरकर (ठाणे):
शहापूर-मुरबाडकडे मालकीच्या जमिनीवर उभे असलेले रान मालकाला पैसा देते ते तोडल्यावरच. साग, ऐन ठेकेदाराला दिले की रोख हाती पडते. ज्या जुन्या झाडाच्या ढोलीत धनेश घरटे करतो, ते राखल्याचे मात्र कोणी काही देत नाही. तोडीवर परवानगीचा चाप लावता येतो, पण रान जपण्याची आस्था हुकमाने येत नाही. कोस्टारिकाने १९९६च्या वनकायद्याने पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवांचा मोबदला वनमालकांना देऊ केला आणि त्यासाठी इंधनावरील कराचा हिस्सा वापरला. ठाणे शहर शहापूरकडच्या भातसा धरणाचे पाणी पिते. मग आपल्या पाणीपट्टीतला थोडा वाटा त्या पाणलोटातले रान राखणाऱ्याकडे का जाऊ नये?

मुरबाडकर:
पाणीपट्टीचा मुद्दा मान्य, पण वाटा जाणार कोणाकडे? १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याने आपल्याकडची अशी बरीच वने शासनाकडे गेली, आणि कोणती गेली याचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. केवळ वनकायद्याखाली कधीकाळी नोटीस काढली म्हणून जमीन वन ठरत नाही, असे न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले. जिथे मालकी निर्विवाद आहे, तिथेही सातबारावर पुष्कळदा शहरातल्या गुंतवणूकदाराचे नाव असते आणि रान सांभाळलेले असते ठाकूर-कातकरी वाड्यांनी. शिवाय कोस्टारिकातही सुरुवातीचा बराच मोबदला मुळात तुटणारच नव्हते अशा जंगलांना गेला, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. डोंगरउतारावर कुऱ्हाड चालवणे परवडतच नसेल, तर ती न चालवल्याचे पैसे कशाला?

नेरुळकर:
म्हणूनच मोबदला हेक्टरावर नव्हे, रानात काय आहे त्यावर ठरावा. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात संरक्षित क्षेत्रे वरून लादली गेल्याने वनमालक बिथरले. २००८पासूनच्या ‘मेत्सो’ कार्यक्रमात मालक स्वतः प्रस्ताव देतो आणि जुनी झाडे, पडलेले ओंडके, ओलसर जागा पाहून त्याचे रान निवडले जाते. आपल्याकडे झटपट वाढणाऱ्या परदेशी अकेशियाची रांग लावून कोणी पैसे मागू लागला, तर याच निकषावर त्याला नकार देता येईल.

मुरबाडकर:
निकष चांगला आहे, फक्त एक अडचण त्यात दिसत नाही. फिनलंडमधला पडलेला ओंडका भुंग्यांसाठी राहतो. इथला चुलीत जातो. तो रानातच राहावा असे करारात लिहायचे असेल, तर मालकाच्या सहीबरोबर मोळी वाहणाऱ्या बाईचीही सही हवी, आणि तिच्या सिलिंडरचा खर्च त्याच मोबदल्यातून आधी वळता व्हायला हवा.